गज हलत होता

गज हलत होता, पण आवाज येत नव्हता. झालं ते एवढंच. रविवारची दुपार होती, वाचनालयाच्या माडीवरचं लांबट सभागृह पाऊण भरलेलं होतं आणि तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर तो मांडीवर वही ठेवून बसला होता. ती खुर्ची एकोणीस वर्षांत त्याच्याआधी कुणी धरली नव्हती. व्हायोलिनमास्तरांचा डावा हात पट्टीवरून सरसरत वर गेला, पार तारा पेलणाऱ्या घोडीच्या जवळ. करंगळी तारेवर टेकली, उजव्या हाताने गज आखूड, मग लांब ओढला, आणि त्या जागी काहीच नव्हतं. नुसती शांतता म्हणावी तर तीही नव्हे. शांतता त्याला चांगली ओळखू यायची, तिच्याशी त्याचा रोजचा धंदा होता. हे म्हणजे शेवटचा घास तोंडाशी न्यावा आणि ओठांना आपलीच रिकामी बोटं लागावीत, तसं. मास्तरांनी डोळे मिटले होते. मान डावीकडे कललेली, भुवई वर चढलेली. सगळं वाजत असल्यासारखं. त्याने पुढे वाकून पाहिलं. गज तारेपासून केसभर वर चालला असावा. नक्कीच. त्याने मग आजूबाजूला पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बाईने खांदे आखडून घेतले होते. तिच्या पलीकडच्या म्हाताऱ्याने जबड्यावर हात ठेवला होता. एका जोडप्याने एकमेकांकडे बघितलं आणि लगेच नजरा खाली वळवल्या, घरातलं उणं पाहुण्यांच्या लक्षात आल्यावर वळवतात तशा. म्हणजे यांना ठाऊक आहे, त्याच्या मनात आलं. सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तर वरच्या सुरांचं सोंग करतात, हे सगळ्या सभागृहाला माहीत आहे, आणि सांगितलेलं नाही ते फक्त मला.

टाळ्या पडल्या. टाळ्यांतही त्याला खोट दिसली. त्या जरा लवकर सुरू झाल्या, एखादी गोष्ट झाकण्यासाठी चादर ओढावी तशा. संगीत मंडळातले लोक त्याला कानसेन म्हणत. गाणाऱ्याला गळा असतो, वाजवणाऱ्याला हात असतो आणि आपल्या मंडळाला हा कान आहे, असं चिटणीस पाहुण्यांना सांगत. मंडळाचं चार पानी पत्रक महिन्याला निघे, आणि त्यात शेवटच्या पानावर त्याचं 'कानोसा' हे सदर असे. कुठल्या मैफलीत काय ऐकलं, कुठे सूर उतरला, कुठे चढला, कुणाचा श्वास मधेच तुटला. तीनशे घरांत ते जाई, आणि लोक पहिलं पान नंतर वाचत. त्याने स्तुती केली की वादकाला शेजारच्या गावाहून बोलावणं येई. त्याने ओठ मुडपले की वर्षभर खुर्च्या रिकाम्या राहत. हे त्याने मागितलेलं नव्हतं, पण मिळालं होतं, आणि मिळालेलं माणूस सांभाळतो. या हंगामात मात्र त्याची वही चिडकी झाली होती. पहिल्या मैफलीत बासरीवाली आली होती. उंच, सडपातळ बाई, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी वाजवणारी. तिचा खालचा आवाज शेणाने सारवलेल्या अंगणासारखा ओला, पण वर गेली की तोंडावर पदर घेतल्यासारखी बुजत होती. त्याने लिहिलं, बाई वर जायला घाबरतात. दुसऱ्या रविवारी शाळेच्या व्यायामशाळेत मुलांचं समूहगान होतं. शेवटच्या कडव्याला साठ तोंडं उघडली आणि त्याला ऐकू आला तो नुसता वारा, कापसाच्या दुकानात पंखा लावल्यासारखा. त्याने लिहिलं, मुलांना वरचं शिकवलेलंच नाही, तोंड उघडायला तेवढं शिकवलं आहे. पत्रक निघाल्यावर त्या मुलांच्या गायनबाई त्याला बाजारात भेटल्या आणि न बोलता पुढे गेल्या. खरं टोचतं, तो मनाशी म्हणाला. पण आत कुठेतरी एक शंका बसून राहिली होती, की आजकाल सगळ्या गावाने मिळून वरचे सूर आवरते घेतले आहेत, आणि ते का, हे त्याच्यापासून लपवलं जातं आहे.

शंका घेणं हे त्याच्या घराण्यातच होतं. त्याचे वडील रेल्वेत चाकं ऐकायचे. लांब दांड्याचा हातोडा घेऊन थांबलेल्या गाडीच्या कडेने चालत जायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा आणि कान द्यायचा. धड चाक घंटेसारखं बोलतं, तडा गेलेलं चाक मडक्यासारखं. वडील कुणाच्या शब्दावर चालत नसत. आई म्हणायची, यांना मी भाकरी भाजली म्हटलं तरी हे वाजवून बघतील. मुलाने तोच धंदा जरा स्वच्छ कपड्यांत केला. कानाच्या दवाखान्यात तो श्रवण तपासायचा. आपल्या खोलीत आणखी एक खोली, जाड दाराची, भिंतींना खाचाखाचांचा मऊ थर; माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि काचेबाहेरून एकेक सूर सोडायचा, आधी मोठा, मग बारीक, मग अगदी मुंगीच्या पावलाएवढा. 'ऐकू आलं की बटण दाबा. शंका आली तरी दाबा.' हे वाक्य त्याने तीस वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही म्हणत असे, असं बायको सांगायची. आणि रोज सकाळी, पहिला माणूस यायच्या आधी, तो स्वतः हेडफोन चढवून यंत्राचे सगळे सूर ऐकून घेत असे. ही दवाखान्याची रीतच होती: यंत्र बरोबर आहे की नाही हे तपासायला एक धड कान लागतो, आणि तो धड कान त्याचा होता. गेल्या सहा महिन्यांत यंत्राने दगा द्यायला सुरुवात केली होती. खालचे सूर ठणठणीत, पण चार हजार कंपनांच्या वरचे पातळ, आजारी माणसाच्या हाकेसारखे. त्याने यंत्र कारखान्यात पाठवलं. 'दोष नाही' अशी चिठ्ठी लागून परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तीच चिठ्ठी. दुरुस्तीवाला खोलूनही बघत नाही, नुसता शिक्का मारतो, हे त्याला स्पष्ट दिसलं. मग त्याने आपल्यापुरता उपाय काढला. टेबलाच्या खणात आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं: वरच्या तीन सुरांना वीस डेसिबल वजा. यंत्र वीस कमी सोडतं, तर माणसाला चाळीसवर ऐकू आलेलं खरं म्हणजे वीसवरच आलं. सोपा हिशोब. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर यंत्र बदला म्हणून वर्ष जाणार, आणि माणसं तर रोज दारात.

व्हायोलिनमास्तर आले तेही याच काळात, चार महिन्यांपूर्वी. पेटी हातात, टोपी काखेत. कानसेनच्या दवाखान्यात मास्तर येतात म्हणजे समुद्राने विहिरीकडे पाणी मागण्यासारखं, असं त्याला वाटलं. मास्तर म्हणाले, "अहो, वरचा एक सूर मला हल्ली नीट भेटत नाही. घरी आहे का विचारावं तर कुणी दार उघडत नाही." त्याने त्यांना आत बसवलं. काचेतून मास्तरांची मान दिसत होती, त्यावरचा व्हायोलिनचा जुना काळा वण दिसत होता. आलेख काढला, वरच्या तीन सुरांना वीस वजा केले, आणि रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ आली. "तुमचे कान विशीतल्या पोराचे आहेत मास्तर," तो म्हणाला. "तारा तपासा." मास्तर हसले, पण जाताना दारात थबकले. "नक्की ना?" त्यांनी विचारलं. आणि त्याला, ज्याला कुणाचंच नक्की वाटत नसे, स्वतःचं मात्र नक्की वाटलं.

त्या रविवारनंतर सोमवारी त्याने कानोसा लिहायला घेतला. पत्रक बुधवारी छापायला जायचं. वाक्य पहिल्या फटक्यात आलं: मास्तर आता वरचे सूर वाजवत नाहीत, त्यांचा केवळ अभिनय करतात, गज तारेला लागतही नाही. ते वाक्य त्याने तीनदा वाचलं. हे छापलं की मास्तरांचं वाजवणं संपलं, हे त्याला कळत होतं. पासष्टीच्या माणसाला कुणी दुसरी संधी देत नाही. हात आखडत होता. पण फसवणूक ती फसवणूक. वडिलांनी तडा गेलेलं चाक ओळखीचं म्हणून सोडलं असतं का? त्याने कागद बायकोपुढे सरकवला. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि बायको औषधांच्या दुकानात काम करत असल्याने डॉक्टरांची अक्षरं लावणं हेच तिचं पोट होतं. सदराची शुद्ध प्रत नेहमी तीच काढायची. ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून वाचत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. तिच्याबद्दलही त्याला हल्ली काही बरोबर वाटत नव्हतं. बोलण्याआधी ती टेबलावर बोटं टेकवून वाजवायची. समोर आल्याशिवाय तोंड उघडायची नाही. फोन वाजला की धावत जाऊन आधी उचलायची. शिट्टीची किटली तर तिने घेतली आणि ती कधी वाजलीच नाही. तो दुकानदाराशी भांडायला निघाला तेव्हा तिने हात धरून बसवलं होतं. बाईला काहीतरी लपवायचं आहे, हे त्याने केव्हाच ताडलं होतं. काय, तेवढं हाती लागत नव्हतं.

"हे काय लिहिलंय?" ती म्हणाली. "गज तारेला लागतही नाही?"

"जे आहे ते."

"अहो, लागत कसा नाही? मी मागे दाराशी बसले होते तरी माझ्या दाढेत कळ आली."

"कुठे?"

"वरच्या."

"दाढ नाही विचारत. वाजवण्यात कुठे?"

"ते करंगळी अगदी टोकाला नेतात ना, तिथे. बशीवर सुरी घासावी तसं. आधी नव्हतं हो त्यांचं असं. माझ्या शेजारची म्हणाली, मास्तरांना कुणी सांगत का नाही. मी म्हटलं, आमचे हे लिहितील की. यांच्या कानातून काही निसटत नाही."

"तू कधीपासून मास्तरांची बाजू घ्यायला लागलीस?"

"मी दाढेची बाजू घेतेय," ती म्हणाली, आणि मग हसली नाही. कागद तिने त्याच्याकडे परत ढकलला. शुद्ध प्रत काढली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "किटली वाजते," ती हळू म्हणाली, आणि मग, त्याच्या चेहऱ्याकडे बघून, जरा मोठ्याने, ओठ नीट हलवत, पुन्हा म्हणाली, "किटली रोज वाजते."

तो त्या दुपारी दवाखान्यात परत गेला तो पायी गेला. रस्त्यावर सायकली होत्या, एका दारात कुत्रं भुंकत होतं, कुणी लोखंडी शटर ओढत होतं, आणि तो एकेक आवाज वडिलांसारखा ठोकून बघत होता. सगळे होते. पण प्रत्येकाचं टोक बोथट होतं, पेन्सिल झिजल्यासारखं. चिमण्या? तारेवर चार बसल्या होत्या, चोची हलत होत्या. तो थांबून त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि एक बाई त्याला वळसा घालून गेली. त्याला वडिलांचा नोकरीतला शेवटचा दिवस आठवला. निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना वडील एका दुपारी घरी आले, हातोडा दाराच्या कोपऱ्यात उभा केला आणि आईला म्हणाले, "उद्यापासून जात नाही. आज मला सगळीच चाकं चांगली वाटली." घरात तो विनोद होऊन राहिला होता. कुणी फार खूश असलं की म्हणायचे, काय, आज सगळीच चाकं चांगली वाटतात? तो स्वतः कितीदा हसला होता. आता रस्त्याच्या मधोमध त्याला त्या वाक्याच्या आत शिरता आलं, आणि आत फार अंधार होता. आपल्या बापाने किती दिवस ती गोष्ट मनात धरून पटरीच्या कडेने फेऱ्या मारल्या असतील, आणि त्या एका दुपारी कुठल्या चाकापाशी थांबला असेल.

दवाखान्यात शेजारच्या खोलीत दुसरी तपासनीस बसायची. लहान मुलांचे कान ती बघायची, वयाने त्याच्या निम्मी, पण हात स्थिर. तिच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "मला आत बसव."

"यंत्र परत रुसलं का सर?"

"यंत्र नाही."

तिने पेन खाली ठेवलं. "सर, एक बोलू? तुमच्या खोलीतून येणारे आलेख वरच्या अंगाला फार छान येतात. मला वाटलं, गावाचे कान सुधारले."

"आधी का नाही बोललीस?"

"तुमच्या कानावर तर आम्ही यंत्रं लावतो. तुम्हाला काय म्हणून सांगायचं?"

"तुझ्या यंत्रावर घे," तो म्हणाला. "आणि क्रम बदल. नेहमीच्या क्रमाने सोडशील तर माझा अंगठा पाठ म्हणेल."

जाड दार बंद झालं. तीस वर्षं त्याने असलं दार बाहेरून बंद केलं होतं. आतून त्याचा आवाज वेगळा होता, उशीवर डोकं ठेवल्यासारखा. आत आधी स्वतःचंच घर ऐकू येतं: छातीतला ठोका, गिळलेली थुंकी, कॉलर मानेला घासते ती खसखस. मग पहिला सूर आला, जाड, ओळखीचा, मावशीसारखा, आणि त्याने बटण दाबलं. दुसरा आला. दाबलं. तिसरा जरा लांबून आला, तरी आला. मग काही आलं नाही. काचेपलीकडे तिचा हात चकतीवर होता, नजर खाली. तिचा हात हलला. काही नाही. अंगठा बटणावर आपोआप ताठ झाला होता. त्याला माहीत होतं की आता तिथे सूर असणार, हाताच्या हालचालीवरून कळत होतं, वेळेवरून कळत होतं, तीस वर्षांच्या सवयीवरून कळत होतं, सगळ्यांवरून कळत होतं, फक्त कानावरून नाही. शंका आली तरी दाबा. किती जणांनी त्याच्यापुढे असं दाबलं असेल, त्याला खूश करण्यासाठी, स्वतःला वाचवण्यासाठी. त्याने डोळे मिटले आणि अंगठा बटणावरून उचलून मांडीवर ठेवला. त्या अंधारात कितीतरी वेळ काहीच आलं नाही, आणि त्या वेळात बासरीवाली आली, पदराआडून वाजवत नव्हती, मोकळी वाजवत होती. साठ मुलं आली, साठही गळे उघडे. आणि तो मधे बसून त्यांच्या नावाने लिहीत होता.

तिने आलेख त्याच्यापुढे ठेवला. रेघ चार हजारांपाशी कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली होती. त्याने खण उघडला, पेन्सिलीने लिहिलेलं तिला दाखवलं, आणि दोघांनी मिळून मंगळवारी दुपारपर्यंत सहा महिन्यांचे आलेख काढले. त्रेचाळीस. छापखान्यातले चार, एक शिक्षिका, जावयाच्या आग्रहाखातर तपासून गेलेला एक सासरा, आणि बाकीचे. सगळ्यांना तो 'उत्तम' म्हणाला होता. वजा केलेले वीस तो परत घालत गेला, आणि एकेक सरळ रेघ त्याच्या हाताखाली खचत गेली. मास्तरांची रेघ त्याच्याच रेघेशेजारी ठेवली तर सख्ख्या बहिणी वाटल्या असत्या. म्हणजे त्या माणसाला आपला सूर भेटत नव्हता, म्हणून तो दारावर जोरजोरात थापा मारत होता, चार महिने, भर सभेत. आणि सगळं गाव कानांवर हात न ठेवता बसलं होतं, कारण कानसेन तिसऱ्या रांगेत शांत बसला होता. कानसेनला चालतंय म्हणजे चालत असेल.

"बाकीच्यांना आपण दोघं बोलावू," तो म्हणाला. "मास्तरांकडे मी जातो."

"आज?"

"उद्या बुधवार आहे," तो म्हणाला. "उद्या मला पुन्हा सगळं नक्की वाटायला लागेल."

संध्याकाळचं ऊन तिरपं असताना तो मास्तरांच्या दारात उभा राहिला. मास्तर एकटे राहत. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, आणि खिडकीत वाळत घातलेल्या सदऱ्यांसारख्या टांगलेल्या जुन्या तारा. "या कानसेन," ते म्हणाले. "तुमच्या सांगण्यावरून चार जोड बदलले. गजही नवा केला. तरी तो काही दार उघडेना. मग म्हटलं, जरा जोर लावू."

त्याने दोन्ही आलेख खुर्चीवर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. यंत्राचं, वीस वजाचं, खणातल्या पेन्सिलीचं. स्वतःच्या रेघेचं शेवटी सांगितलं. खिशातला कागदही काढून दिला, ते वाक्य वाचू दिलं. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. घडी केली. मग बराच वेळ घडी उलगडली, पुन्हा केली.

"म्हणजे हे चार महिने," ते म्हणाले.

"हो."

"आणि समोर बसलेले?"

"त्यांना ऐकू येत होतं."

मास्तरांचा चेहरा आत कुठेतरी चालत गेला, एकेक रविवार मागे टाकत. हा माणूस आता आपल्याला मारेल, असं त्याला वाटलं, आणि मारलं तर बरं होईल असंही. पण मास्तरांनी फक्त विचारलं, "तुम्ही तर तिसऱ्या रांगेतच होता. कसं वाजत होतं ते? खरं सांगा."

त्याने आलेखांवरची नजर उचलली.

"मला माहीत नाही मास्तर," तो म्हणाला. "मी ऐकलंच नाही."

मास्तर उठले. पेटी उघडली, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि सर्वांत जाड तारेवर एक सूर सोडला, सावकाश, पोटातून. "हा?"

"येतोय."

बोट एक घर वर. "हा?"

"येतोय."

ते असे चढत गेले, जोर न लावता, दोन म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून टेकडी चढतात तसे. ऊन भिंतीवरून सरकत होतं. तार बदलली, घर बदललं. हा? येतोय. हा? जरा लांब आहे, पण येतोय. मग एका सुरापाशी त्याने मान हलवली. मास्तर थांबले. खिडकीतला खडू घेऊन त्यांनी काळ्या पट्टीवर तिथे एक बारीक रेघ ओढली. "इथपर्यंत," ते म्हणाले.

तो त्या रेघेकडे बघत राहिला. आणि त्याच्या मनात पुन्हा तीच जुनी सळसळ झाली. दोन्ही आलेख त्यानेच वाचले होते. दोन रेघा जवळ होत्या, पण एक नव्हत्या. मास्तरांना अजून वरचं ऐकू येत असणार, आणि केवळ त्याच्यासाठी ते इथे थांबले असणार. नेहमीसारखी ती शंका त्याने वहीत नेली नाही, तोंडावर विचारली.

मास्तरांनी व्हायोलिन खाली घेतलं.

"हो," ते म्हणाले. "पण एकच सूर."